परक्याची ठेव : विदाव्यवहाराच्या शिक्षणाविषयी प्रस्तावना

पदवीचा कागद हाती येऊन महिना लोटला नाही तोच एखादी विद्यार्थिनी पतसंस्थेत, रुग्णालयात, विमा कंपनीच्या शाखेत किंवा तालुक्याच्या कचेरीत पहिल्या नोकरीवर रुजू होते. पहिल्याच दिवशी तिला एक मेज, एक संगणक आणि एक पासवर्ड मिळतो. आणि जिला कालपर्यंत वर्गातल्या साठ जणांची नावेही पुरती ठाऊक नव्हती, तिच्यासमोर हजारो अनोळखी माणसांचे पत्ते, आजार, कर्जे, थकबाक्या, जाती आणि बोटांचे ठसे एका क्षणात उघडे होतात. तिजोरीची किल्ली नव्या माणसाच्या हाती देण्यापूर्वी जामीन मागणारी, आणि दुसऱ्याच्या किल्लीवाचून कुलूप उघडणार नाही अशी तजवीज करून ठेवणारी आपली व्यवहारदक्ष पेढी ही माहितीची किल्ली मात्र बिनदिक्कत देऊन टाकते. आणि ती घेणाऱ्या मुलीलाही आपल्या हाती काय आले याची जाणीव सोळा वर्षांच्या शिक्षणात कोणी करून दिलेली नसते. सरासरी कशी काढावी, आलेख कसा रेखावा, तक्त्यात सूत्र कसे घालावे हे तिला येते. परंतु ज्या आकड्यांची सरासरी काढावयाची ते आकडे मुळात कोणाचे, त्यांनी ते कोणत्या भरवशावर दिले, आणि त्या भरवशाची हद्द कोठे संपते, हा प्रश्न तिच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नसतो. प्रस्तुत ग्रंथ त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी लिहिला गेला आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. इंग्रजी 'डेटा'ला 'विदा' हा प्रतिशब्द मराठीत काही वर्षांपासून रूढ होऊ पाहत आहे. कचेरीत मात्र 'डेटा'च चालतो, आणि घरी आपण सगळ्यालाच 'माहिती' म्हणतो. ग्रंथकर्त्यांनी हे तिन्ही शब्द प्रसंगानुरूप वापरले आहेत आणि मीही तेच करणार आहे. परंतु या विषयाचे मर्म ज्यात साठवले आहे असा चौथा एक शब्द आपल्यापाशी फार पूर्वीपासून आहे, आणि तो म्हणजे 'ठेव'. संस्कृतात तिला 'न्यास' म्हटले, फारसीच्या अमदानीत तिला 'अमानत' हे नाव मिळाले; पण नाव कोणतेही असो, तिचे नियम खेड्यातल्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसालाही तोंडपाठ आहेत. ठेव सांभाळणाऱ्याची नसते. ज्या कारणासाठी ती सोपवली त्याच कारणी लागावी. धन्याने विचारले तर दाखवावी, मागितली तर परत करावी. आणि हरवली तर सांभाळणाऱ्याने तोंड लपवू नये, आपण होऊन सांगावे. आज जगभर विदासंरक्षणाचे जे कायदे झाले आहेत त्यांची पानेच्या पाने चाळली असता त्यांच्या मुळाशी याहून फारसे वेगळे काही सापडत नाही.

नोंद सांभाळण्याची विद्या आपल्या भूमीला नवी नाही. शिवकाळापासून पेशवाईअखेरपर्यंतचा जो दप्तरी कारभार मराठी मुलखात चालला, त्यात फडणीस, चिटणीस, मुजुमदार, सुरनीस अशा अनेक हातांतून एकच कागद जात असे, आणि प्रत्येक हात आपली खूण त्यावर सोडीत असे. मजकूर जेथे संपला तेथेच मोर्तबाची मुद्रा उठवली जाई, जेणेकरून तिच्याखाली कोणाला एक अक्षरही वाढवता येऊ नये. कागदाचे बंद जेथे जोडले त्या सांध्यावर मागील अंगाने शिक्का पडे, म्हणजे मधला बंद काढून दुसरा चिकटवण्याची सोय उरत नसे. आणि तपासणी झाल्याचे 'रुजू' या शेऱ्यावरून कळत असे. आजचा संगणकतज्ज्ञ ज्याला नोंदीची अखंडता आणि हाताळणीचा माग म्हणतो, त्याचीच ही कागदावरची व्यवस्था होती. रुमालांत बांधून राहिलेले ते कागद एवढे टिकले की गो. स. सरदेसाई यांना 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध करता आले.

परंतु या परंपरेचा गौरव करून थांबणे हे इतिहासाचा अर्धाच धडा घेण्यासारखे होईल. ती सारी दक्षता सरकारच्या आणि वतनदाराच्या हितासाठी होती; ज्या रयतेची नोंद त्या कागदावर होती तिला तो कागद वाचता येत नव्हता, मग तो दुरुस्त करून घेणे दूरच. मोडी अक्षरांच्या त्या ओळींत कुणब्याच्या जमिनीचे, देण्याचे आणि पुढच्या पिढ्यांचे भवितव्य बंदिस्त होते आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुले यांनी कचेरीतल्या कारकुनापासून गावच्या कुलकर्ण्यापर्यंत साऱ्या लेखणीवाल्यांवर जे आसूड ओढले, त्यामागचा प्रश्न आज जसाच्या तसा उभा आहे : ज्याची नोंद होते आणि जो नोंद करतो, या दोघांत सत्तेचे केवढे अंतर आहे? नोंद बिनचूक आहे काय, हा दप्तराचा प्रश्न. नोंद न्याय्य आहे काय, हा जोतीरावांचा प्रश्न. विद्यार्थ्याला दोन्ही विचारता आले पाहिजेत, आणि या ग्रंथाचे मला विशेष वाटले ते हे की तो दोन्ही विचारावयास लावतो.

इंग्रजी अमलात नोंदींचे प्रमाण आणि प्रयोजन दोन्ही पालटले. 1872 साली हिंदुस्थानची पहिली, विस्कळीत का होईना, शिरगणती पुरी झाली आणि 1881 साली देशभर एकाच वेळी जनगणना झाली. तेव्हापासून माणूस हा गावच्या दप्तरातील ओळखीचा इसम न राहता तक्त्यातील एक अंक झाला. अंक झाल्याने त्याचे काही हरवले, तसे काही साधलेही. कारण दुष्काळ, मृत्यू, साक्षरता यांचे खरे स्वरूप अंकांवाचून दिसत नाही. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, 1950 साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. आणि इकडे पुण्यास 1930 साली निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गावोगावच्या आर्थिक पाहण्यांची परंपरा रुजली. या पाहण्यांचा पाया गणित हा होताच, पण त्याच्याही खाली एक पाया होता : अनोळखी पाहणीदाराला आपले उत्पन्न आणि आपले कर्ज खरे सांगणाऱ्या शेतकऱ्याचा विश्वास. स्वतंत्र भारताने 1948 च्या जनगणना कायद्यात हे ओळखले आणि असे ठरवले की जनगणनेत दिलेली माहिती कोणाला तपासावयास मिळणार नाही आणि खुद्द त्या कायद्याखालील खटले सोडता ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालणार नाही. ज्या राज्यसंस्थेला सारे काही जाणून घ्यावयाचे असते तिनेच स्वतःचे हात असे बांधून घ्यावेत, ही लहान गोष्ट नव्हे. पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांपुढे हे कलम वाचून दाखवावे, असे मला वाटते.

हात का बांधून घ्यावयाचे, याचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने युरोपच्या एका शहराकडे पाहावे. नेदरलँड्समधील लोकसंख्येच्या नोंदवह्या दुसऱ्या महायुद्धापूर्वी मोठ्या टापटिपीने ठेवलेल्या होत्या आणि त्यांत माणसाच्या धर्माचाही रकाना होता. ज्या कारकुनांनी तो रकाना भरला त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. धर्मादाय व्यवस्था, स्मशानव्यवस्था अशी साधी प्रयोजने त्यामागे असावीत. 1940 साली जर्मन सैन्याने देश व्यापला आणि तीच टापटीप ज्यू कुटुंबे हुडकून काढण्याच्या कामी आली. त्या देशातील ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मारले गेले. 27 मार्च 1943 रोजी प्रतिकार चळवळीतील काही कार्यकर्त्यांनी अॅमस्टरडॅमची नोंदणी कचेरीच स्फोटाने पेटवून दिली, आणि त्यांतील बारा जणांनी त्यासाठी गोळ्या खाल्ल्या. नोंद करतानाचे राज्य आणि नोंद वापरली जातानाचे राज्य एकच असेल असे नाही, हा त्या रकान्याचा धडा आहे. आणि जो रकाना भरण्याचे कारण सांगता येत नाही तो रिकामा ठेवणे हे आळसाचे नव्हे, तर शहाणपणाचे लक्षण आहे.

कायद्याने या विषयाकडे सावकाश पावले टाकली. 1890 साली सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोघा अमेरिकी वकिलांनी हार्वर्डच्या विधिपत्रिकेत खाजगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तो झटपट छायाचित्रे आणि चौकस वर्तमानपत्रे यांना उत्तर म्हणून. संगणक आल्यावर प्रश्न पालटला. जर्मनीतील हेसेन प्रांताने 1970 साली जगातील पहिला विदासंरक्षण कायदा केला. 1973 साली अमेरिकी सरकारच्या एका समितीने पाच साधी तत्त्वे मांडली, आणि नंतरचे जवळजवळ सारे कायदे ही त्यांचीच लेकरे आहेत. कोणतीही नोंदव्यवस्था गुप्तपणे अस्तित्वात नसावी; आपल्याविषयी काय नोंदले आहे आणि त्याचा उपयोग कसा होतो हे माणसाला कळावे; एका कामासाठी घेतलेली माहिती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कामी लावू नये; चूक असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची वाट त्याला असावी; आणि जी संस्था नोंदी बाळगते तिने त्या भरवशाच्या ठेवाव्यात व त्यांचा दुरुपयोग टाळावा. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 1983 साली जनगणनेच्याच खटल्यात स्वतःविषयीच्या माहितीवर माणसाचा स्वतःचा अधिकार मानला, आणि 25 मे 2018 पासून लागू झालेल्या युरोपीय नियमावलीने त्या अधिकाराला दंडशक्तीची जोड दिली.

भारतात 2000 सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि त्यातील 2008 सालच्या दुरुस्त्या यांनी सुरुवात केली. परंतु खरे वळण आले ते 24 ऑगस्ट 2017 रोजी, जेव्हा पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 साली अहवाल दिला, 2023 साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम झाला आणि 2025 च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला. या कायद्याने माहिती घेणाऱ्या संस्थेला जे नाव दिले त्याचा अर्थ 'विश्वस्त' असा होतो, आणि ज्याची माहिती आहे त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ जवळजवळ 'धनी' असा. म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या तोंडची ठेवीची कल्पना अखेर संसदेच्या मुखातून बोलली. हलगर्जीबद्दल दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे, ती वर्तमानपत्रांनी ठळक अक्षरांत छापली. मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते हे की संमती मागणारी सूचना माणसाला इंग्रजीप्रमाणेच आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचावयास मिळाली पाहिजे. जी संमती आपल्या भाषेत कळली नाही ती संमतीच नव्हे, हे तत्त्व मोडीतल्या दप्तरापुढे निमूट उभ्या राहिलेल्या रयतेची आठवण ठेवूनच वाचले पाहिजे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला प्रथम जो गोंधळ वाटतो त्याचे कारण असे की येथे चार-पाच निरनिराळ्या घराण्यांचे लोक एकाच विषयावर आपापल्या भाषेत बोलत असतात. विधिज्ञ विचारतो, घेण्याचा अधिकार होता काय? सुरक्षातज्ज्ञ विचारतो, चोराला वाट कोठून आहे? सांख्यिक विचारतो, आकडा खरा आहे काय आणि तो किती अनिश्चित आहे? अभिलेखपाल विचारतो, हा कागद किती काळ आणि कोणत्या संदर्भासह राहावा? आणि अलीकडे पुढे आलेला पाचवा संप्रदाय, ज्यात आदिवासी समाजांच्या चळवळींचा मोठा वाटा आहे, तो विचारतो की ज्या समूहाविषयी ही विदा आहे त्याला तिच्यातून काय मिळाले आणि तिच्यावर त्याची सत्ता किती? एकेका संप्रदायाचे बळ मोठे आहे आणि उणीवही तेवढीच स्पष्ट आहे. कायद्याच्या चौकटीत राहूनही माणसाचा अपमान करता येतो. अभेद्य कुलपाआड चुकीचा आकडा वर्षानुवर्षे सुखाने नांदू शकतो. आणि अत्यंत बिनचूक आकडा ज्याच्याविषयी आहे त्याच्याच विरुद्ध वापरला जाऊ शकतो. एकाच संप्रदायात वाढलेला शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला एकाच डोळ्याने पाहावयास शिकवतो.

यांतला सर्वांत उद्बोधक कलह आहे तो जतन आणि नष्टीकरण यांमधला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या वाड्यांतले कागद वाळवी आणि पावसापासून वाचवीत होते. त्यांच्या दृष्टीने कागद नष्ट करणे हे पाप, आणि त्या निष्ठेतून जमलेल्या साधनांचे 22 खंड त्यांनी आपल्याला दिले. आजचा विदासंरक्षक सांगतो की काम संपलेली माहिती बाळगणे हाच धोका. दोघेही खरे बोलतात, आणि त्यांचा मेळ घालण्याची युक्ती आपल्या सरकारी कचेऱ्यांतच रुळलेली आहे : नस्ती बंद होतानाच तिच्यावर अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर पडते, 'अ' वर्गाची कायम राहते, 'ड' वर्गाची वर्षभराने जाते, आणि मधल्यांची मुदत ठरलेली असते. काय राखावे आणि काय घालवावे हे अडचणीच्या दिवशी घाईने न ठरवता आधीच विचारपूर्वक ठरवून ठेवावे, हे या चार अक्षरांचे सार. संगणकात जागा अमर्याद झाल्याने हे सार आपण विसरलो आणि प्रत्येक यादी 'अ' वर्गाची मानू लागलो.

दुसरा एक भ्रम विद्यार्थ्यांच्या मनातून काढणे अगत्याचे आहे, तो असा की नावे खोडली म्हणजे माणसे लपली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून अभ्यासकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने 20 डॉलरना मतदारयादी विकत घेतली, टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग हे तीन रकाने जुळवले, आणि खुद्द त्या राज्याच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. या तीनच गोष्टींवरून त्या देशातील सुमारे 87 टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतील असा अंदाज तिने 2000 साली मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा खाली आणला, तरी निम्म्याहून बराच वर राहिला. आपल्याकडे गावाचे नाव, जात, वय आणि व्यवसाय लिहिला की नाव लिहिण्याची गरज कोणाला उरते? पाचशे उंबऱ्यांच्या गावात अमुक जातीची, अमुक वयाची विधवा शिक्षिका एकच असते.

कार्यस्थळी घडणाऱ्या चुकांचे स्वरूप पाहिले तर त्यांत चोरांपेक्षा घाईत असलेली सज्जन माणसेच अधिक आढळतात. ऑक्टोबर 2007 मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याच्या एका कचेरीतून बालभत्त्याच्या साऱ्या नोंदी दोन तबकड्यांवर भरून लंडनच्या लेखापरीक्षकांकडे साध्या कुरियरने पाठवण्यात आल्या. तबकड्या पोहोचल्याच नाहीत आणि अडीच कोटी लोकांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि बँकेचे तपशील बेपत्ता झाले. यातली शिकण्याजोगी गोष्ट अशी की लेखापरीक्षकांनी एवढे मागितलेच नव्हते. नको असलेले रकाने काढून टाका असे त्यांनी सुचवले होते, पण ते काढण्यास खर्च येईल म्हणून सारेच्या सारे पाठवले गेले. आरंभी बोट एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे दाखवले गेले. चौकशीअंती दोष निघाला तो संस्थेच्या रिवाजांचा. 2020 च्या शरदात त्याच देशात कोविडच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकड्यांतून गळाल्या, कारण ज्या जुन्या प्रकारच्या एक्सेल धारिकेत त्या ओतल्या जात होत्या तिच्यात 65,536 पेक्षा अधिक ओळी मावत नव्हत्या; आणि गळालेल्या प्रत्येक ओळीमागे सहवासात आलेली माणसे वेळेत सावध करावयाची राहून गेली.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण सांगतो, कारण विद्यार्थ्याला फक्त भीती देणारे शिक्षण अपुरे असते. 2010 साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि काटकसरीची धोरणे आखणाऱ्यांनी त्याचा मोठा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला वर्गातल्या गृहपाठासाठी एखादा निबंध पुन्हा गणित करून पडताळावयाचा होता. त्याने हा निवडला, आकडे जुळेनात म्हणून लेखकांकडे मूळ तक्ता मागितला, त्यांनी तो दिला, आणि 2013 साली जगाला कळले की सरासरीच्या सूत्रातून पाच देश चुकून वगळले गेले होते. निष्कर्षावरचा वाद पुढे चालू राहिला, पण ती चूक लेखकांनी मान्य केली. गृहपाठ करणारा मुलगा, मागितल्यावर तक्ता देणारे विद्वान आणि उघड मान्य केलेली चूक : जबाबदार विदाव्यवहार म्हणजे काय, याचे याहून चांगले चित्र मला ठाऊक नाही.

येथे माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत फी-सवलतीच्या अर्जांचे काम माझ्याकडे होते. मंजूर झालेल्या विद्यार्थ्यांची यादी, नाव, जात आणि वडिलांचे वार्षिक उत्पन्न अशा रकान्यांसह, मी सुवाच्य अक्षरांत लिहून सूचनाफलकावर लावली; असाच प्रघात होता, आणि पारदर्शकतेचे काम केल्याचे समाधानही मला वाटले. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, माझी सवलत रद्द करा, पण नाव काढा." ती यादी मी तत्काळ काढली, पण आदल्या दिवशी ती ज्यांनी वाचली त्यांच्या डोळ्यांतून ती काढणे माझ्या हाती नव्हते. त्या मुलाच्या वडिलांनी आपले उत्पन्न महाविद्यालयाला सांगितले होते, मुलाच्या मित्रांना नव्हे. कोणताही नियम मी मोडला नव्हता. ठेव मात्र मोडली होती.

हा विषय आजच शिकवला पाहिजे, याची कारणे आपल्या अवतीभवतीच आहेत. गावची आशाताई गरोदर स्त्रियांच्या नोंदी वहीत आणि मोबाइलमध्ये ठेवते. तलाठ्याच्या सातबाऱ्याचे उतारे संगणकावर आले आहेत. सोसायटीच्या पहारेकऱ्यापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन क्रमांक आहेत. झेरॉक्सच्या दुकानात आधारपत्रांच्या वाया गेलेल्या प्रती रद्दीत पडतात. आणि रुग्णाचा अहवाल योग्य डॉक्टरांना वेळेत मिळावा म्हणून व्हॉट्सॲपच्या समूहात टाकला जातो, जेथे तो तीस जणांच्या फोनमध्ये कायमचा राहतो. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही, आणि म्हणूनच प्रश्न शिक्षेचा नसून शिक्षणाचा आहे. त्यात आता संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. थकबाकीदारांची यादी त्यांत चिकटवून 'प्रत्येकाला एक पत्र लिहून दे' असे सांगणे इतके सोपे झाले आहे की ती यादी कचेरीबाहेर गेली, हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पूर्वी दप्तर बाहेर न्यावयाचे तर गाडी जुंपावी लागे. आज बोट हलवावे लागते.

मग हे शिकवावे कसे? मनाईंची जंत्री पाठ करून घेण्याने हे साधत नाही, असा या ग्रंथाचा आणि माझाही विश्वास आहे. कारण जंत्रीत नसलेला प्रसंगच नोकरीत पहिल्यांदा येतो. हे शील आहे, आणि शील सवयीने येते. वर्गात सरावासाठी खऱ्या माणसांच्या नोंदी न वापरता रचलेल्या नोंदी वापरणे, हाच पहिला संस्कार होय. प्रत्येक रकान्यापुढे 'का?' लिहावयास लावणे, मूळ प्रत अस्पर्श ठेवून नकलेवर काम करणे, कोणता बदल कोणत्या तारखेला केला याचे टिपण ठेवणे, पाठवण्यापूर्वी पत्ता पुन्हा वाचणे, काम सरल्यावर नक्कल पुसणे : या गोष्टी कीर्द-खतावणी शिकवणारे जुने मास्तर जशा हातात बसवीत तशाच बसवाव्या लागतात. त्याहून अवघड दोन पाठ आहेत. पहिला, झालेली चूक त्याच दिवशी वरिष्ठांना सांगण्याचा. हा पाठ तेव्हाच रुजतो जेव्हा वर्गात चूक सांगणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत. दुसरा, वरिष्ठाने अनुचित माहिती मागितली तर अदबीने पण ठामपणे कारण विचारण्याचा. बावीस वर्षांच्या उमेदवाराकडून हे धैर्य अपेक्षिताना संस्थांनीही ध्यानात ठेवावे की जेथे कारण विचारणे हा उद्धटपणा समजला जातो, तेथे कोणतेही शिक्षण टिकत नाही.

ग्रंथकर्त्यांनी जे योजले आहे ते या भूमिकेतून. त्यांनी विधी, सुरक्षा, सांख्यिकी, अभिलेख आणि न्याय या पाचही घराण्यांना एका पंक्तीस बसवले आहे आणि सिद्धांताची मांडणी सर्वत्र पतसंस्था, दवाखाना, शाळा, कारखाना, ग्रामपंचायत अशा ओळखीच्या स्थळी आणून ठेवली आहे. वाणिज्य, विज्ञान वा कला, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला, तसेच तंत्रनिकेतनातील आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलामुलींना तो वाचता यावा म्हणून गणिताचा भार हलका ठेवला आहे. परिभाषेच्या बाबतीत त्यांनी दुराग्रह धरलेला नाही. जेथे कचेरीत मराठी शब्द जिवंत आहे तेथे तो घेतला, आणि जेथे लोक इंग्रजी शब्दच बोलतात तेथे तोच देवनागरीत लिहिला. हा ग्रंथ वकिलाचा सल्ला नव्हे आणि संगणक-सुरक्षेची पाठ्यपुस्तिकाही नव्हे. तंत्रे बदलतील, नियमांत दुरुस्त्या होतील, आणि त्या त्या वेळी वाचकाला नवे वाचावेच लागेल. पण ठेवीचे नियम बदलणार नाहीत, आणि ग्रंथाचा भर त्यांवर आहे.

शिक्षकांना माझी विनंती अशी की हा विषय वर्षअखेरच्या एखाद्या व्याख्यानापुरता न ठेवता ज्या दिवशी विद्यार्थी पहिला तक्ता उघडतो त्या दिवशीच त्याचा आरंभ करावा. आणि विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच : पान उलटण्यापूर्वी आपल्या फोनमधली किंवा संगणकातली, दुसऱ्यांची नावे असलेली एखादी जुनी यादी उघडा, सहलीची असो, वर्गणीची असो वा एखाद्या प्रकल्पासाठी भरून घेतलेल्या प्रश्नावलीची. ती अजून आपल्यापाशी का आहे, याचे कारण त्या यादीतल्या माणसाला तोंडावर सांगता येईल काय, ते पाहा. सांगता आले तर ती नीट कुलपात ठेवा. न आले तर पुसून टाका, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.